पुस्तिकेचं दुसरं पान

चि. छोटीस,



तुझ्या टॅरोच्या वर्गाची पुस्तिका ताईनं मला पाठवली, आणि सोबत निरोपही दिला की "माझं ती ऐकत नाही, आता तूच दोन शब्द सांग." म्हणजे मी तुला हे सगळं बंद करायला सांगावं, अशी तिची इच्छा दिसते. तसं मी सांगणार नाही. तू जाणती आहेस, समोरच्याचं नीट ऐकून घेतेस, आणि पत्त्यांच्या निमित्तानं का होईना, माणसं तुझ्यापाशी मन मोकळं करतात. त्यावर माझं काही म्हणणं नाही. माझी तक्रार आहे ती फक्त दुसऱ्या पानाची. तिथे तू लिहिलं आहेस की इजिप्तच्या पुजाऱ्यांनी पाच हजार वर्षांपूर्वी आपलं गुप्त ज्ञान या चित्रांत दडवलं आणि जिप्सींनी ते युरोपात आणलं. ते पान काढून टाक. ते खोटं आहेच, शिवाय खऱ्या हकिगतीपुढे अगदी फिकं आहे.

ही इजिप्तची गोष्ट कुणी पसरवली ते आपल्याला नावानिशी माहीत आहे. अँत्वान कूर द जेबलॅं हा फ्रान्समधला विद्वान, प्रॉटेस्टंट पाद्री. पॅरिसमध्ये एका बाईंकडे टॅरोचा डाव चाललेला त्यानं पाहिला. फ्रान्सच्या पूर्व भागात, स्वित्झर्लंडमध्ये आणि जर्मनीत हा खेळ तेव्हा सर्रास चालत होता, पॅरिसवाले मात्र तो विसरले होते. चित्रं पाहून जेबलॅंला साक्षात्कार झाला की हा तर इजिप्तचा प्राचीन ग्रंथ! १७८१ साली आपल्या अवाढव्य ग्रंथाच्या आठव्या खंडात त्यानं तसं छापून टाकलं. गंमत अशी की इजिप्तची चित्रलिपी तेव्हा जगात कुणालाच वाचता येत नव्हती. शांपोलिऑंनं ती उलगडली १८२२ मध्ये. त्यामुळे जेबलॅंला खोडून काढणारं कुणी नव्हतंच. मग अलिएत नावाच्या माणसानं आपलं आडनाव उलटं करून 'एत्तैला' हे नाव घेतलं आणि खास भविष्यासाठी वेगळा कॅट छापून घेतला. पुढच्या शतकात एलिफास लेवीनं बावीस चित्रांना बावीस हिब्रू अक्षरं जोडली. आणि जिप्सींचं म्हणशील, तर त्यांच्या टोळ्या पश्चिम युरोपात दिसू लागल्या पंधराव्या शतकात. पत्ते त्याआधीच येऊन पोचले होते.

आता खरी हकिगत ऐक.

फ्लॉरेन्सच्या नगरसभेनं १३७७ मध्ये पत्त्यांच्या एका नव्या खेळावर निर्बंध घातले. बंदी घालण्याइतका तो खेळ लोकांच्या अंगात भिनला होता, असा त्याचा अर्थ. हे पत्ते इजिप्तहूनच आले, पण फॅरोंच्या नव्हे, मामलुक सुलतानांच्या इजिप्तहून. तशा पत्त्यांचा जवळजवळ पूर्ण कॅट इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे. त्यावर पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या अशी चार चिन्हं आहेत. इटलीतल्या लोकांना पोलो ठाऊक नव्हता, म्हणून त्या काठ्यांचे त्यांनी नुसते दंडुके केले. तू जे कप, पेंटॅकल, सोर्ड आणि वाँड म्हणतेस, ते हेच. तेव्हा चार चिन्हांचा हा साधा कॅट आधी आला, आणि बावीस चित्रं त्यात साठ-एक वर्षांनी शिरली.

ती पहिल्यांदा कधी दिसतात? १६ सप्टेंबर १४४० रोजी. जुस्तो जुस्ती नावाच्या एका नोटरीनं आपल्या रोजनिशीत खर्च टिपून ठेवला आहे: रिमिनीचा सरदार सिजिस्मोंदो मालातेस्ता याच्यासाठी 'त्रिओन्फी'चा एक कॅट फ्लॉरेन्समध्ये घेतला, किंमत साडेचार डुकाट. पुढे १४४२ च्या फेब्रुवारीत फेराराच्या दरबारी हिशेबात साग्रामोरो या चित्रकाराला असेच चार कॅट रंगवल्याचे पैसे दिल्याची नोंद आहे. या शास्त्राचा उगम शोधायला गेलं की हाती लागतात ती अशी खर्चाची टिपणं. मंत्र नाही, दीक्षा नाही. मला तर ही टिपणं पिरॅमिडपेक्षा जास्त आवडतात.

खेळ कसा होता, ते तुला पाच-तीन-दोन येतं म्हणून चटकन कळेल. उतारी झाली की त्याच चिन्हाचं पान टाकायचं, नसलं तर हुकमानं मारायचं. फरक एवढाच की आपण दर डावाला कुठलं तरी एक चिन्ह हुकूम ठरवतो. या लोकांनी हुकमाची वेगळी एकवीस चित्रंच करून घेतली. शिवाय 'वेडा' नावाचं एक पान. ते ना मारतं ना मरतं. अडचणीत सापडलेला गडी ते टाकून त्या हातापुरती सुटका करून घेतो.

इथे जरा थांब, कारण माझं सगळं सांगणं याच एका गोष्टीवर उभं आहे. त्या एकवीस चित्रांचा मूळ अर्थ, कोण कुणाला मारतो, यात आहे. तळाला बाजारातला हातचलाखीवाला. त्याच्यावर सम्राट. सम्राटावर पोप. पण या दोघांनाही प्रेमाचं पान मारतं, आणि समजुतीनं घे, पंधराव्या शतकातल्या कुणालाही त्याचं स्पष्टीकरण लागत नव्हतं. पुढे विजयरथ, सद्गुण, दैवाचं चक्र, म्हातारा काळ. मग मृत्यू. मृत्यूच्या वर सैतान आणि आगीचा मनोरा, त्यांच्या वर तारा, चंद्र, सूर्य, आणि सगळ्यांत वरती कबरींतून मेलेल्यांना उठवणारा देवदूत आणि जग. पेट्रार्कनं चौदाव्या शतकात अशाच चढत्या विजयांचं दीर्घकाव्य लिहिलं होतं: प्रेमावर शील मात करतं, शीलावर मृत्यू, मृत्यूवर कीर्ती, कीर्तीवर काळ आणि काळावर अनंत. त्या काळातल्या मिरवणुकांतून असे रथ एकामागून एक निघत. गर्ट्रूड मोकली या अमेरिकन ग्रंथपालबाईंनी १९६६ मध्ये टॅरोची सांगड या मिरवणुकांशी घातली. तिच्या सगळ्या जोड्या मला पटत नाहीत, पण मूळ दिशा बरोबर वाटते.

गावागणिक क्रम थोडा बदलायचा. मिलानमध्ये जग सर्वांत मोठं, बोलोन्यात आणि फ्लॉरेन्समध्ये देवदूत, फेराराकडे न्यायदेवतेला फार वर बसवत. हातानं रंगवलेल्या जुन्या पानांवर ना आकडे होते ना नावं. क्रम खेळणाऱ्याच्या डोक्यात असायचा. हा सगळा गुंता ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी सोडवला. त्यांचं १९८० चं जाडजूड पुस्तक मिळालं तर चाळ. माणूस तर्कशास्त्रातला, त्यामुळे भविष्यवाल्यांना सोडत नाही. तेवढं सोसून घे.

या क्रमातून तुझ्या कामाचं काय निघतं ते सांगतो. 'मृत्यू' हे पान निघालं की समोरची बाई पांढरीफटक पडते, असं तूच म्हणाली होतीस. मग तू तिला सांगतेस की मृत्यू म्हणजे बदल, नवी सुरुवात वगैरे. ते गुळमुळीत आहे, आणि घाबरलेल्या माणसाला ते पटतही नसतं. त्याऐवजी तिला सरळ सांग की हे पान रंगवणाऱ्यांसाठी मृत्यू म्हणजे मृत्यूच होता. त्यांनी प्लेग पाहिला होता. पण जवळजवळ सगळ्या जुन्या याद्यांत त्याची जागा तेरावी आहे आणि त्याला मारणारी आठ पानं वर आहेत. ती आठही पानं काढून तिच्यापुढे मांड. कुठलंही पान एकटं वाचू नकोस. ते कुणाच्या वर आहे आणि कुणाच्या खाली, हे आधी सांग.

आता एक कॅट जवळून पाहू. मिलानचा ड्यूक फिलिप्पो मारिया व्हिस्कोंती हा पत्त्यांचा भारी शौकीन. त्याच्या चरित्रकारानं लिहून ठेवलं आहे की देवदेवतांच्या चित्रांचा एक कॅट त्यानं तब्बल १५०० सुवर्णमुद्रा मोजून करून घेतला होता. मघाचे साडेचार डुकाट आठव. त्याची मुलगी बियांका मारिया. तिचं लग्न १४४१ मध्ये फ्रांचेस्को स्फोर्त्झा या भाडोत्री फौजेच्या सेनापतीशी झालं, आणि सासऱ्यामागून १४५० मध्ये तो स्वतःच मिलानचा ड्यूक झाला. या घरासाठी केलेला जो कॅट व्हिस्कोंती-स्फोर्त्झा म्हणून ओळखला जातो, त्याची ७४ पानं आज उरली आहेत: ३५ न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, २६ बेर्गामोच्या अक्कादेमिया कार्रारात आणि १३ तिथल्याच कोल्लेओनी घराण्याकडे. पानं मोठी आहेत, सतरा सेंटिमीटरहून थोडी जास्त उंच. सोन्याच्या वर्खावर बारीक ठशांनी नक्षी उठवलेली, वर रंग. चित्रकार म्हणून बोनिफाचो बेम्बोचं नाव घेतात. पण बल, संयम, तारा, चंद्र, सूर्य आणि जग ही सहा पानं दुसऱ्याच हातची आहेत. शेजारी ठेवलीस तर चेहऱ्यांवरून तुलाही ओळखू येतील. पुष्कळ पानांना वरच्या कडेला खिळ्याचं भोक आहे. म्हणजे केव्हा तरी कुणीतरी ती भिंतीवर टांगली होती.

त्यातलं दैवाचं चक्र बघ. मधोमध डोळ्यांवर पट्टी बांधलेली दैवदेवता. चढणाऱ्या माणसाला गाढवाचे कान फुटताहेत. माथ्यावर राजदंड घेऊन बसलेल्याचे कान पुरते गाढवाचे. खाली घसरणाऱ्याला शेपूट. आणि तळाशी चाकाखाली रांगणारा फाटका म्हातारा, त्याला ना कान ना शेपूट. चौघांत पूर्ण माणूस तेवढा तोच. तुझ्या पुस्तिकेत या पानापुढे 'नशीब फळफळणार' एवढंच आहे. ड्यूकच्या दिवाणखान्यातली ही टवाळी तुझ्या विद्यार्थ्यांना दाखव.

'टांगलेला माणूस' याहून बोलका. आजची पुस्तकं त्याला ध्यानस्थ योगी करून ठेवतात. पंधराव्या शतकातल्या इटालियन माणसाला तो पाहताक्षणी कळायचा: हा गद्दार. दगा देऊन पळालेल्याला, पैसे बुडवणाऱ्याला एका पायानं उलटं टांगलेलं दाखवून ते चित्र सार्वजनिक भिंतीवर रंगवायची तिकडे रीतच होती. बदनामीची ही शिक्षा सरकार चित्रकाराकडून करून घेई. जुन्या याद्यांत या पानाचं नावही 'गद्दार' असंच सापडतं. आणि ज्या घरासाठी हा कॅट झाला त्याच घराचा मूळपुरुष, फ्रांचेस्कोचा बाप मुत्सियो आत्तेन्दोलो स्फोर्त्झा, १४१२ मध्ये पोपची बाजू सोडून नेपल्सच्या राजाला मिळाला, तेव्हा पोपपदाचा दावेदार तेविसावा जॉन यानं रोममध्ये त्याचं असंच उलटं टांगलेलं चित्र रंगवून घेतलं होतं. आता मुलानं तेच पान सोन्यात मढवलेलं हातात धरून डाव खेळावा! पानावरचा पोरगा मात्र शांत आहे, हात पाठीमागे, चेहऱ्यावर वेदनेची रेषही नाही. योग्याची कल्पना बहुधा त्या चेहऱ्यावरून निघाली असावी, आणि तेवढ्यापुरती मी तिला सूट देतो. पण आधी गद्दार सांग, मग योगी.

'संन्यासी' तर मूळचा संन्यासी नाहीच. या कॅटमध्ये त्याच्या हातात वाळूचं घड्याळ आहे. तो काळ आहे. पुढे कुणीतरी घड्याळाचा कंदील केला, आणि म्हाताऱ्याला आत्मज्ञान प्राप्त झालं.

पोपच्या वेषातल्या बाईबद्दल तू विचारलं होतंस. इथे दोन मतं आहेत. मोकलीचं म्हणणं असं की ही मायफ्रेदा दा पिरोव्हानो. व्हिस्कोंती घराण्याच्याच नात्यातली जोगीण. तिच्या पंथानं तिला पोप मानलं आणि १३०० मध्ये धर्मन्यायालयानं तिला जाळलं. पानावरच्या बाईच्या अंगावर जोगिणीचा साधा तपकिरी झगा आणि डोक्यावर पोपचा तीन थरांचा मुकुट आहे, त्यामुळे ही गोष्ट फार लोभस वाटते. दुसरं मत रूक्ष आहे: ती 'श्रद्धा' किंवा चर्च यांचं मानवी रूप असावं. पादुआच्या देवळात जोत्तोनं रंगवलेली 'श्रद्धा'ही उंच टोपी घालून, हातात क्रूसाचा दंड धरून उभी आहे. त्याच भिंतींवरचा त्याचा 'मूढपणा' डोक्यात पिसं खोचून, हाती सोटा घेऊन उभा आहे, आणि व्हिस्कोंती-स्फोर्त्झाचा 'वेडा'ही तसाच. म्हणून माझा कल दुसऱ्या मताकडे. तू वर्गात दोन्ही सांग, आणि मायफ्रेदाची गोष्ट सांगताना 'असं एक मत आहे' हे शब्द गाळू नकोस.

याच कॅटमधली चार पानं हरवली आहेत: सैतान, मनोरा, तलवारींची तिर्री आणि नाण्यांचा घोडेस्वार. ड्यूकच्या घरच्यांनी भीतीपोटी सैतान काढून टाकला, असं तू पुस्तिकेत ठोकून दिलं आहेस. कशावरून? मग नाण्यांच्या घोडेस्वाराला ते कशाला भ्याले? साडेपाचशे वर्षांत कॅटमधली चार पानं गहाळ होणं यात नवल ते काय. आपल्या घरातला एकही कॅट गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरा टिकत नाही.

चर्चच्या दडपशाहीचा परिच्छेदही असाच. चर्चवाले पत्त्यांवर चिडायचे, पण जुगारासाठी. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या एका प्रवचनात पाद्रीबुवा एकवीस हुकूम ओळीनं सांगतात आणि त्यांना नरकात उतरणाऱ्या शिडीच्या पायऱ्या म्हणतात. पोपला, देवदूतांना जुगारात ओढलं, हा त्यांचा संताप. भविष्याचा उल्लेखही नाही. आणि १७२५ मध्ये बोलोन्यात टॅरोवर खरोखर सरकारी गदा आली, तीही राजकारणापायी. मोंतिएरी नावाच्या धर्माधिकाऱ्यानं भूगोल शिकवणारा टॅरो छापला आणि त्यात बोलोन्याच्या राज्यकारभाराला 'संमिश्र' म्हटलं. पोपच्या प्रतिनिधीला ते झोंबलं. शेवटी पोप-सम्राटांच्या चार पानांऐवजी चार मूर छापायचा हुकूम निघाला. सैतानाला कुणी हात लावला नाही.

भविष्याची जुनी खूण हवीच असेल तर तीही बोलोन्यातलीच घे: अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचं एक हस्तलिखित, त्यात ३५ पानांचे अर्थ दिले आहेत. म्हणजे तुझी विद्या पावणेतीनशे वर्षांची. काही वाईट नाही.

तू रोज जो कॅट वापरतेस तो तर १९०९ चा, लंडनचा. चित्रं पामेला कोलमन स्मिथ या गुणी चित्रकर्तीची. तिचं नाव तुझ्या पुस्तिकेत कुठेही नाही, ते आधी घाल. एक ते दहाच्या पानांवर प्रसंग रंगवायची तिची कल्पना बऱ्याच अंशी सोला-बुस्का नावाच्या कॅटवरून आली. तो उत्तर इटलीतला, १४९१ च्या आसपासचा, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला, आणि ७८ च्या ७८ पानं शाबूत असलेला सर्वांत जुना. त्याचे फोटो १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आले. तीन तलवारींनी भोसकलेलं हृदय तू लोकांना 'प्रेमभंग' म्हणून दाखवतेस ना, ते चित्र थेट तिथलं आहे. बाकी बहुतेक जुन्या कॅटमध्ये तिर्रीवर नुसत्या तीन तलवारी असायच्या, आपल्या इस्पिकच्या तिर्रीसारख्या.

आपल्याकडचा काही धागा जोडायची तुला हौस आहे, म्हणून एक खरा देतो. टॅरोत तलवारी आणि दंडुक्यांमध्ये दश्शी मोठी, पण पेले आणि नाण्यांमध्ये उलटं, एक्का मोठा. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पानं असतात. पाच अवतारांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. हा योगायोग नव्हे. दोन्ही घराणी पश्चिम आशियातल्या जुन्या पत्त्यांपर्यंत जाऊन मिळतात, असं अभ्यासक मानतात. मात्र त्यावरून 'टॅरो मूळचा भारतीय' असं लिहून मोकळी होऊ नकोस. चुलतभाऊ म्हणजे बाप नव्हे.

दोन गोष्टी व्यवसायाच्या. दुखणं घेऊन आलेल्या माणसाला पानं मांडण्याआधी डॉक्टरकडे पाठव. आणि भीती घालून दुसऱ्या बैठकीचे पैसे घ्यायचे नाहीत. ताईची खरी धास्ती तीच आहे, ती बोलून दाखवत नाही इतकंच.

पुढच्या वर्षी इटलीला जाशील तेव्हा मिलानच्या ब्रेरा चित्रसंग्रहालयात जा. सोला-बुस्का २००९ मध्ये इटलीच्या सरकारनं विकत घेतला तो तिथेच आहे. बेर्गामो तिथून आगगाडीनं तासाभरावर. पण कागदाचा माल उजेडाला भितो, त्यामुळे ही पानं कायम मांडलेली असतीलच असं नाही. तिकिटं काढण्याआधी दोन्ही ठिकाणी ईमेल करून विचार, आणि दुसरं पान नव्यानं लिहिलंस की मला पाठव.

तुझा,
मामा